कोणत्या खोलीत कोणता फोन

३ नोव्हें., सोमवार

सकाळी साडेदहाला दोन पोलीस आले. मी काउंटरवर होतो. एक हवालदार वयानं मोठे, दुसरा नवा. वाटलं दर्शनाला आलेत, खोली पाहिजे असेल. हवालदारांनी कागद काढला अन् माझं पूर्ण नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट.

प्रकरण असं की गेल्या महिन्यात कुणीतरी आपल्या भक्तनिवासाच्या वायफायवरून दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्या माणसाला फसवलं. मी मॅनेजर, म्हणून कनेक्शन माझ्या नावावर. त्या दिवशी वायफाय कोण वापरत होतं, विचारलं. मी म्हणलं साहेब, एकशे चाळीस खोल्या, त्यात दोन लग्नं होती, कोण सांगणार. पासवर्ड कुणाकुणाला देता? मी त्यांना भोजनगृहात नेलं. तिथं भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलेला आहे. मीच लिहून घेतला होता. नवा पोलीस हसला. हवालदार हसले न्हाईत, त्यांनी फोटो काढला.

उद्या रजिस्टर घेऊन ठाण्यात बोलवलंय. घरी बायकोला, मंदाला, सांगितलं नाही. जेवताना ती म्हणाली, भाकरी नुसतीच हातात धरून बसलात.

४ नोव्हें., मंगळ.

ठाण्यात दोन तास बाकावर. हवालदारांनी रजिस्टर पान अन् पान बघितलं. "तुम्ही केलं असं कोणी म्हणत न्हाई. पण नाव तुमचं आहे," म्हणाले. गरज पडली तर बोलवतील. 'पडली तर' एवढे दोन शब्द घेऊन घरी आलो.

वाटेत आप्पांकडे गेल्तो. ट्रस्टचे अध्यक्ष, त्यांना सांगणं भागच होतं. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, सगळं वायफाय एका जागेवरून चालवता येतं, मोठ्या हॉटेलात असतं, तसं बसवू. कोण वापरून राह्यलं ते आपल्याला दिसलं पाहिजे. तू दोन-तीन लोकांना बोलव, बघ, निवड, अन् पाच डिसेंबरच्या बैठकीत मांड.

मी बी.ए., विषय इतिहास. बरं म्हणालो.

६ नोव्हें.

तिन्ही इमारती फिरलो. बावीस राउटर निघाले. कुठला टी.व्ही.च्या मागं, कुठला जिन्याखाली, एक तर पाण्याच्या टाकीजवळ पिशवीत बांधून ठेवलेला. कुणी कधी लावला, पत्ता न्हाई. इमारत दोनच्या तिसऱ्या मजल्यावर काहीच लागत नाही अन् तिथले लोक रोज माझ्याशी भांडतात.

चादरींची गाडी ढकलत रेखाताई भेटल्या. म्हणाल्या भाऊ, काय मोजून राह्यले? सांगितलं. त्यांनीच अजून एक दाखवला, कपड्यांच्या खोलीत कपाटावर. म्हणजे तेवीस.

रेखाताईंना आठ महिने झाले इथं. आल्या तेव्हा सोबत एक पोरगी अन् एक पिशवी, डाव्या कानामागं टाके. परतूरकडच्या. नवऱ्याबद्दल मी एकदाच विचारलं, त्या एकदाच बोलल्या. कामावर घेताना कागदावर गावाचं नाव लिहिलं नाही, ते मी मुद्दाम. स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहतात. आरू केदारखेड्याच्या शाळेत तिसरीत. हे ट्रस्टमध्ये माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, घरी फक्त मंदाला माहीत.

१० नोव्हें., सोम.

जालन्याचे खरात येऊन गेले. आप्पांच्या ओळखीतले. बोलायला गोड माणूस. लॅपटॉपवर दुसऱ्या एका मोठ्या मंगल कार्यालयाचा नकाशा उघडला. प्रत्येक मजला, प्रत्येक खोली, अन् त्यात हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक फोन. एक ठिपका जिन्यावरून खाली आला, ते आम्ही बसून बघितलं. खाली येताना वायफायच्या या डब्यावरून त्या डब्यावर गेला, तरी त्या माणसाचं चालू असलेलं बोलणं तुटत नाही म्हणे. सगळे डबे एका ठिकाणाहून सांभाळायचे.

"कोण कधी आलं, कुठं बसलं, किती वेळ बसलं, सगळं बराबर. पोलीस आले तर एक बटन दाबायचं."

आठवडाभरात पहिल्यांदा छाती मोकळी झाली. मनात म्हणलं हेच पाहिजे. सगळं दिसू दे.

१३ नोव्हें., गुरु.

खरातांनी पंधरा दिवस वापरून बघायला म्हणून इमारत दोन अन् स्वयंपाकघराच्या बाजूला सात डबे लावले. छताला पांढरी ताटं चिकटवल्यासारखी दिसतात. तिसऱ्या मजल्यावर फुल रेंज. पाहुणे खूश. ॲप आप्पांच्या फोनवर टाकलं, माझ्याही. खरातांच्या ऑफिसातूनही दिसतं, बिघाड झाला तर.

सगळ्या स्टाफला जोडून घ्या सांगितलं, म्हणजे किती भार पडतो ते कळेल. रेखाताई थांबल्या. विचारलं, "याच्यात नाव येतं का भाऊ?" मी म्हणालो छे, नुसता ठिपका येतो.

मी विचारलं नव्हतं कुणाला. तसंच म्हणून टाकलं.

१५ नोव्हें.

ठिपक्यावर बोट ठेवलं की नाव येतं. आज कळलं. लोकांनी आपापल्या फोनला जे नाव दिलेलं असतं ते. बहुतेकांचं कंपनीचंच असतं, एखाद्याचं स्वतःचं. स्वयंपाकघरामागं एक ठिपका: 'आरूची आई'.

पोरीनं टाकलं असणार. सांगायला जायचं ठरवलं होतं, पण दुपारी तीनशे माणसांचं वऱ्हाड आलं, पाणी कमी पडलं. राहिलं.

१६ नोव्हें.

राहिलं.

१९ नोव्हें., बुध.

खरातांचा मेकॅनिक गजानन दोन डबे सरकवायला आला होता. तिशीचा, हसतमुख. शिडीवरून गप्पा. गाव परतूर म्हणाला. मी शिडी धरली होती, ती जरा घट्ट धरली.

जाताना सहज म्हणाला, ऑफिसात बसून बघतो आम्ही, स्वयंपाकघरामागं एका फोनला रेंज कमी मिळती, 'आरूची आई', कोण आहेत त्या? मी म्हणलं चादरी बघतात. बस, एवढंच म्हणलं.

एवढंच म्हणलं ना? आठवून बघतो. हो. एवढंच.

२२ नोव्हें., शनि.

रेखाताई कपड्यांच्या खोलीत उभ्याच. हातात उशीचा अभ्रा, घडी घालतायत, मोडतायत. शाळेच्या फाटकावर काल एक जण मोटरसायकलवर आला होता. मॅडमला विचारलं, परतूरकडची आरू नावाची पोरगी आहे का. मॅडम न्हाई म्हणल्या. त्यांना काही माहीत नव्हतं, फक्त माणूस बरा वाटला नाही.

मी म्हणालो दुसरा कुणी असंल. आरू नावाच्या किती पोरी असतात. त्यांनी अभ्रा परत मोडला.

नावाचं आजही बोललो नाही.

२३ नोव्हें., रवि.

मंदाला सगळं सांगितलं. ती चुलीपुढची उठली, म्हणाली आत्ताच्या आत्ता जा अन् सांगा त्यांना.

गेलो. सांगितलं. नाव दिसतं, मला आठ दिवस माहीत आहे, खरातांच्या ऑफिसात दिसतं, तिथला एक जण परतूरचा आहे. रेखाताईंनी फोन बंद केला. मागचं झाकण निघंना तर नखानं काढत बसल्या.

"तुम्ही म्हणले होते नाव येत न्हाई."

हो म्हणालो.

२४ नोव्हें.

खरातांना फोन. तुमच्याकडं कोण कोण बघू शकतं? ऑफिसातले चार जण, अन् वरच्या कंपनीतले, ते किती ते त्यांनाही माहीत नाही. रेकॉर्ड कुठं राहतं? वर. वर म्हणजे? "साहेब, कशाला एवढं? लपवायचं काय त्याच्यात?"

फोन ठेवल्यावर ॲप उघडलं. ठिपका नव्हता. पण मागचे दिवस बघायची सोय आहे. दहा दिवसांचा हिरवा पट्टा, सकाळी सहाला स्वयंपाकघरामागून निघतो, कपड्यांच्या खोलीत, गच्चीवर, परत. दुपारी साडेचारला रोज फाटकापर्यंत. आरू शाळेतून येते तेव्हा.

हे सगळं मीच मागितलं होतं.

२६ नोव्हें., बुध.

संभाजीनगरहून दुसऱ्या कंपनीच्या बाई आल्या, अश्विनी मॅडम. त्यांना आधीच बोलवलेलं, रद्द करायचं विसरलो होतो. बरं झालं. लॅपटॉप उघडलाच नाही. वही काढली अन् विचारलं, "कुणाला काय दिसलं पाहिजे ते सगळे सांगतात. कुणाला काय दिसू नये, ते आधी सांगा."

पाणी प्यायलो. मग नाव न घेता सांगितलं. त्या लिहीत राहिल्या.

त्यांचं म्हणणं असं. रेकॉर्ड ठेवावं लागतंच, ते टाळता येणार नाही, टाळूही नका. पण ते इथंच आपल्या ऑफिसात एका पेटीत बंद राहील. पोलिसांचं पत्र आलं तर दोन जणांच्या पासवर्डनं उघडायचं, एकट्याला उघडता येणार नाही. पाहुण्यांना खोलीगणिक वेगळा कोड, खोली सोडली की कोड बंद. स्टाफचं वेगळं. रोजच्या स्क्रीनवर फोनची नावं नाहीत, डबा चालू का बंद एवढंच. आप्पांना ॲप मिळणार नाही. अन् पेटी बिघडली तर त्या येईस्तोवर तिन्ही इमारती बंद. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

जाताना म्हणाल्या, त्या ताईंनी नवऱ्याविरुद्ध अर्ज दिलाय का कुठं? नसेल तर द्यायला सांगा.

२८ नोव्हें., शुक्र.

आज सगळं वेळेसकट लिहून ठेवतो.

अकराच्या सुमाराला काउंटरवर एक माणूस. पांढरा शर्ट, केस विंचरलेले, बोलणं मवाळ. खोली पाहिजे म्हणाला. आधार कार्ड ठेवलं, तालुका परतूर. रजिस्टर उघडून मी पेन शोधत बसलो, पेन खिशातच होतं.

"वायफाय आहे ना इथं?"

आहे म्हणालो.

"असणारच. आमच्या मंडळीचा फोन इथं लागतो म्हणे."

मी विचारलं कोण म्हणतं. तर हसला. लोक सांगतात म्हणाला.

मी म्हणालो खोल्या फुल आहेत. मागं बोर्डावर चाव्यांच्या तीन ओळी लटकलेल्या. त्यानं त्या बघितल्या. मी बघितलं की त्यानं बघितल्या. तरी परत म्हणालो, फुल आहेत, लग्नाचं बुकिंग आहे. तो म्हणाला काही हरकत न्हाई, बसतो जरा. अन् आवारात लिंबाखाली कट्ट्यावर बसला, तोंड स्वयंपाकघराकडं.

मागच्या जिन्यानं कपड्यांच्या खोलीत गेलो. रेखाताईंनी खिडकीतून बघितलं होतं. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलेल्या. "भाऊ, बाहेरून कुलूप लावा." लावलं. किल्ली मोज्यात घातली. मंदाला फोन केला, शाळेत जा, आरूला घे. कुठं नेऊ, म्हणाली. मी सांगितलं. कुठं ते या वहीत लिहिणार नाही.

तो दोन तास बसला. मी काउंटरवरून हललो नाही. कुणी खोली मागितली की फुल सांगायचो, अकरा कुटुंबं परत पाठवली. एकदा तो पाणी प्यायला आत आला, मला म्हणाला तुमचा घसा कोरडा पडलाय साहेब, तुम्हीच प्या आधी.

एक वाजता गेला. मी अडीचला कुलूप काढलं. रेखाताईंनी आत बसल्या बसल्या सगळ्या चादरी घडी करून ठेवल्या होत्या.

२९ नोव्हें.

रेखाताई पहाटे दुधाच्या गाडीतून गेल्या. आरूला ठेवलंय तिथं.

१ डिसें., सोम.

गजाननला बोलवून घेतलं. ऑफिसचं दार लावलं. तो घाबरला नाही, त्याला कळतच नव्हतं. गावी गेल्तो तेव्हा चहाला बसल्तो म्हणाला, कुणीतरी म्हणलं आपल्याकडची एक बाई पोरगी घेऊन निघून गेलीय, आरू नावाची पोरगी. "मी म्हणलं, एक आरूची आई आमच्या स्क्रीनवर रोज दिसती. गमतीनं म्हणलं साहेब." मग तोंड उतरलं त्याचं. मी काय केलं, काय केलं, दोनदा विचारलं.

त्यानं जे केलं ते चहाच्या एका घोटात केलं. मी आठ दिवस गप्प बसून केलं.

डबे काढा म्हणलं तर खरात म्हणाले आप्पांनी ठेवायला सांगितलंय.

२ डिसें.

आप्पांनी बोलवलं. त्यांना कळलंय. तो माणूस कुणाला तरी धरून त्यांच्यापर्यंत पोचलाय. घरात गेलो तर नेहमीसारखा चहा दिला, ते जास्त वाईट.

"सुदाम, बायकोला नवऱ्यापासून लपवायचं काम आपलं हाय का?"

मी म्हणालो आप्पा, कानामागं टाके होते. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, मला हे आधी सांगायचं होतंस. हे मात्र खरं. मग म्हणाले, पोलिसांनी परत विचारलं तर तुझंच नाव येणार, तरी तुला ती पेटीवाली बाई पाहिजे? विचार कर. नोकरीचं काही बोलले नाहीत. मी वाटभर तेच ऐकत आलो.

४ डिसें., गुरु.

मंदा अन् रेखाताई मिळून महिला संरक्षण अधिकाऱ्यांच्या ऑफिसात अर्ज देऊन आल्या. शिक्क्याची प्रत मंदानं मला दाखवली, मग डाळीच्या डब्याखाली ठेवली. तिथल्या बाई अधिकारी नीट बोलल्या म्हणे. माणसाला बोलवून समज देऊ, म्हणाल्या. बोलवतील तेव्हा.

रेखाताईंचा फोन आला, दुसऱ्या कुणाच्या तरी नंबरवरून. आरूची मराठीची वही खोलीत राहिलीय, ती पाठवता का. मी माफी मागायला लागलो. त्यांनी मधेच थांबवलं.

"तुम्ही मुद्दाम न्हाई केलं, मला माहिती हाय. पण झालं तुमच्याच हातून. आता उद्या काय करता ते बघा."

वही सापडली. गादीखाली होती. शुद्धलेखनाच्या शेवटच्या पानावर 'आमचे घर' असा निबंध, तीन ओळींवर थांबलेला. पुढं वाचलं नाही. वाचायला नव्हतंच पुढं.

बैठकीचा कागद तीनदा लिहिला. पहिल्यात सगळं कारण लिहिलं, फाडला. दुसऱ्यात काहीच कारण नव्हतं, फाडला.

५ डिसें., शुक्र.

बैठक. सात जण. खरातांनी मोठ्या पडद्यावर आपल्याच इमारत दोनचा नकाशा लावला. हिरवे ठिपके फिरतायत, सगळे कौतुकानं बघतायत. एक विश्वस्त म्हणाले तो बघा, माझा फोन. हसले.

अश्विनी मॅडम पाच मिनिटंच बोलल्या.

मग मला विचारलं. उभा राहिलो, कागद टेबलावर ठेवला. मी म्हणालो, पोलीस आले त्या दिवशी मला वाटलं होतं आपल्याला सगळं दिसावं. मागच्या महिन्यात सगळं दिसलं, अन् आपल्याकडं कामाला असलेली एक बाई नको त्या माणसाला सापडली. भक्तनिवासात येणारा माणूस आपल्या भरवशावर आतून कडी लावून झोपतो. तो कोणत्या खोलीत आहे हे जालन्याच्या ऑफिसातल्या चार जणांना दिसावं असं मला वाटत नाही. मलाही दिसू नये. माझी शिफारस दुसरी. पोलिसांना लागेल ते पेटीत राहील, अन् कनेक्शन माझ्याच नावावर राहू द्या.

शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं. कसं निघालं कळलं नाही.

तिघे इकडं, तिघे तिकडं. आप्पांनी मत दिलं नाही. सोमवारी सांगतो म्हणाले.

६ डिसें.

एकानं सांगितलं, तो माणूस फाट्यावरच्या हॉटेलात बसलेला असतो. मोटरसायकल आडोशाला लावून. मी आज घरी यायचा रस्ता बदलला. मग वाटलं, रोज बदलला तर तेही कुणाच्या लक्षात येईल.

मंदा म्हणते तुम्ही झोपेत बडबडता. काय बडबडतो विचारलं, सांगेना. गावाचं नाव तर घेत नाही ना, विचारलं. म्हणाली, अजून न्हाई.

८ डिसें., सोम.

सकाळी नऊला आप्पांचा फोन. निर्णय झालाय, पण तो नंतर सांगतो. आधी अकराला घरी ये. तो माणूस येतोय, दोन मोठी माणसं सोबत आहेत, समोरासमोर बसून बोलू, मोकळं होऊन जाईल सगळं.

मी म्हणालो आप्पा, अर्ज दिलाय तिनं, आता जे काय ते तिथं होईल. "होईल की. पण तू ये."

म्हणजे विचारणार. ती कुठं आहे हे मला माहीत आहे अन् मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. बावन्न वर्षांत मी कुणा मोठ्या माणसापुढं बसून नाही म्हणालेलो नाही. त्या दिवशी काउंटर मधे होतं. आज चहाचे कप असतील.

मंदाला म्हणालो, चुकून निघालं तोंडून तर? ती आत गेली, अर्जाची प्रत आणून माझ्या खिशात घातली अन् स्वतःची चप्पल पायात घातली. तुम्ही न्हाई बोललात तरी चालंल, म्हणाली, मी हाय तिथं.

पावणेअकरा. गाडीची चावी सापडत नव्हती, आत्ता सापडली. निघतो.